पांडुरंगाला जायचं म्हणतोय

कुणी सांगितलं तुम्हाला? दूधवाल्यानं ना? वाटलंच मला. ह्यांना फोनवर हळू बोलताच येत नाही. अख्खी नोकरी रेल्वेत गेली, समोर इंजिन उभं असल्यासारखं बोलतात. आता गल्लीभर झालंच आहे तर माझ्याच तोंडून ऐका. होय, जायचं म्हणतोय परत. व्हिएतनामलाच. नाही हो, दुबई नाही, बाली नाही. त्या कोपऱ्यावरच्या काकू मला तोंडावर म्हणाल्या, "एकदा बघून झालं ना? मग त्याच देशात परत पैसे कशाला घालता?" आता ह्या स्वतः दर पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला जातात, तेव्हा नाही म्हणत एकदा बघून झालं म्हणून!

आणि बघून झालं म्हणजे काय बघून झालं हो? ग्रुप टूर ती. हनोई, हालोंगचं आखात, दा नांग, होई आन, सायगाव, सगळं पळत पळत. पहाटे बॅगा दाराबाहेर, नाश्त्याला उपमा, आणि कोण कुठल्या सीटवर बसणार यावरून रोज रुसवे. हालोंगच्या बोटीत एका बाईंनी चकल्यांचा डबा काढला आणि बाहेरचे डोंगर बघायचं सोडून सगळे आत. पुण्याचे एक गृहस्थ होते, जातील तिथं गुंठ्याचा भाव विचारायचे. शेवटी गाईडनं सांगितलं की इथं जमिनीची मालकी खाजगी नसते, लोकांना फक्त वापरायचा हक्क मिळतो. त्यानंतर त्या गृहस्थांचं देशावरचं मनच उडालं. बसमध्ये झोपूनच असायचे.

फोटो बघितलात ना माझ्या स्टेटसवर? डोंगरातनं दोन मोठे दगडी हात आलेत आणि त्यांनी सोनेरी पूल धरलाय, तो? ते हात दगडाचे नाहीत बरं का. आत जाळी आणि वर फायबर ग्लास. पूल 2018 सालचा, पण हातांना असा रंग दिलाय की वाटावं शेकडो वर्षं शेवाळ चढतंय. शेजारी फ्रेंच गाव म्हणून दाखवतात, तेही नवं कोरं. वाईट आहे असं नाही म्हणत मी. रोपवे छान, थंड हवा छान. पण त्या एका पुलाला अख्खा दिवस! आणि त्याच दा नांगमध्ये चाम शिल्पांचं म्युझियम आहे, 1919 साली उघडलेलं, तिथं अर्धा तास. त्यातही निम्मा वेळ बायकांचा स्वच्छतागृहाच्या रांगेत गेला.

तिथं मला गणपती दिसला, वहिनी. उभा गणपती. कमरेला वाघाचं कातडं, चांगला ऐसपैस. मी सॉन म्हणून देवळांचा समूह आहे, तिथं सापडलेला, सातव्या-आठव्या शतकातला. मी चप्पल काढावी की न काढावी या विचारात, तेवढ्यात मागून टूर मॅनेजरची शिटी. बसमध्ये बसल्यावर गाईडला विचारलं, अरे हे चाम लोक गेले कुठं? तर म्हणाला, गेले कुठं नाहीत, आहेत की, दक्षिणेला, फान रांगकडं. मग आपण तिकडं का नाही जात? तर म्हणतो, "मॅडम, तिथं काही नाही. गरम असतं, आणि समुद्र आहे नुसता."

नुसता समुद्र! तेव्हाच मी ठरवलं.

थांबा हं, कुकरची शिटी झाली. बंद करून येते... हां. काय सांगत होते? फान रांग. घरी आल्यावर हे बसले इंटरनेटवर शोधत. आणि रात्री अकरा वाजता मला उठवलं, "अगं, त्या गावाचं जुनं नाव पांडुरंग आहे!" मला वाटलं झोपेत बडबडताहेत. पण खरंच आहे. चाम राजांच्या जुन्या संस्कृत शिलालेखांत त्या मुलखाला पांडुरंगच म्हटलंय. त्याचंच पुढं फान रांग झालं. उत्तरेकडची चाम राज्यं एकेक करून पडली, हे मात्र टिकलं 1832 पर्यंत. म्हणजे इकडं पेशवाई बुडाली तरी तिकडं पांडुरंग चालू होता.

नाही नाही, विठोबा नाही हो तिथं. आधीच सांगते, नाहीतर तुम्ही भजनी मंडळात सांगाल आणि एकादशीला सगळं मंडळ टाळ घेऊन माझ्या दारात. तिथलं देऊळ शंकराचं आहे. आपल्या पंढरपूरशी त्याचा संबंध कुणी दाखवलेला नाही, मीही जोडत नाही. पण मिरजेत जन्म काढलेल्या माणसाला पांडुरंग नावाच्या गावी जावंसं वाटलं, तर त्यात वेडेपणा काय? आमच्या सासूबाई, नव्वदीला आल्यात, त्यांना तेवढंच सांगितलंय. "पांडुरंगाला जाऊन येतो." त्या म्हणाल्या, या. पुढचं विचारलंच नाही त्यांनी, आणि मीही बोलले नाही.

देऊळ कसं आहे ऐका. लाल विटांचे उंच मनोरे, टेकडीवर. पो क्लोंग गराई म्हणतात. तेराव्या शतकाच्या अखेरीचं, जय सिंहवर्मन नावाच्या राजानं बांधलेलं. दारावर नाचणारा शंकर, सहा हातांचा. आत पिंडीवर चेहरा कोरलाय, तो पो क्लोंग गराई राजाचा. हा राजा त्यांच्यात देव झाला. का, तर त्यानं कालवे काढले, धरण बांधलं, असं तिथले लोक सांगतात. बघा! भाऊजींची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, त्यांना सांगा, एक खातं असंही आहे जिथं धरण बांधणाऱ्याची पिंड करतात. इकडं म्हैसाळचं पाणी जतला पोचेपर्यंत किती सरकारं गेली!

आणि तिथं पाण्याची किंमत का, तर तो त्या देशातला सगळ्यांत कोरडा कोपरा. तिन्ही बाजूंनी डोंगर, पाऊस पलीकडंच पडून जातो. वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास. बाकीचा व्हिएतनाम हिरवागार, भातखाचरं नि म्हशी, आणि इथं निवडुंग, मेंढरं, मिठागरं आणि द्राक्षं. होय हो, द्राक्षं! मांडवच्या मांडव. तासगावच्या माणसाला तिकडं नेऊन उभं केलं तर पहिल्यांदा औषध कुठलं मारता म्हणून विचारेल. देवळात नंदी आहे, त्याच्यापुढं शेतकरी चारा ठेवतात, पीक चांगलं येऊ दे म्हणून. आता गाईडला ह्यातलं काहीच दिसत नव्हतं म्हणजे कमाल आहे.

हे कशाला तयार झाले म्हणता? पांडुरंगासाठी नाही. गेजसाठी. तुम्हाला आठवतं ना, आपल्या मिरज जंक्शनला एके काळी तिन्ही गेज होते? पुण्याकडं ब्रॉड, बेळगावकडं मीटर, आणि पंढरपूरची ती छोटी नॅरो गेज. ह्यांचा जीव मीटर गेजवर. ती गेली त्या दिवशी जेवले नव्हते नीट. तर व्हिएतनामची ती हनोई ते सायगाव लाइन, 1,726 किलोमीटर, अजून सगळी मीटर गेज! फ्रेंचांनी 1936 मध्ये पुरी केली, युद्धात जागोजाग तुटली, आणि देश एक झाल्यावर 1976 च्या डिसेंबरात परत सुरू झाली. फान रांगचं जे स्टेशन आहे त्याचं नावच थाप चाम, म्हणजे चाम मनोरा. देऊळ तिथनं जवळ.

आणि त्या थाप चामवरनं पूर्वी वर डोंगरात दालातला गाडी जायची. 84 किलोमीटर, चढ इतका की मधे दातेरी रूळ टाकलेला, इंजिनाचं चाक दातात अडकून वर चढायचं. युद्धात बंद पडली ती पडलीच. नंतर रूळ उखडून मुख्य लाइनीच्या दुरुस्तीला नेले. इंजिनं गंजत पडली होती, ती 1990 मध्ये स्वित्झर्लंडच्या लोकांनी परत विकत घेतली, मुळात तिकडचीच ना ती, आणि नीट करून तिकडच्या डोंगरात चालवतात. हे सांगताना ह्यांच्या डोळ्यांत पाणी. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा नव्हतं आलं.

तर बेत असा. विमानानं सायगाव. मुंबईहून थेट विमान असतं. तिथनं गाडीनं उत्तरेला, थांबत थांबत. सायगाव ते थाप चाम 318 किलोमीटर. तिथनं तुय होआ 210. तिथनं 102 वर दियु त्री, हे क्वी न्यॉनचं मोठ्या लाइनीवरचं स्टेशन, गावापासनं दहाएक किलोमीटर आत. मग 305 दा नांग, आणि तिथनं घरी. आकडे ह्यांचे. मला फक्त एवढंच कळतं की दिवसाउजेडी बसायचं आणि समुद्राकडची खिडकी धरायची. मुलगा म्हणतो, "आई, विमानानं जा ना, तासाभराचं काम." त्याला कसलं काम आणि आम्हाला कसली घाई!

मधे न्हा त्रांग लागतं, तिथं उतरणार नाही. उंचच उंच हॉटेलं समुद्राकाठी पाठीला पाठ लावून उभी आहेत म्हणे. क्वी न्यॉनलाही तसं व्हायला लागलंय, म्हणून तर मी घाई करतेय. अजून चार वर्षांनी गेलो तर तिथंही कुणीतरी फायबरचे हात उभे केलेले असायचे.

तुय होआबद्दल मला फार नाही माहीत. छोटं गाव, लांबच लांब रिकामा किनारा, जवळच षटकोनी काळ्या खांबांचा समुद्रकाठ आहे. लाव्हा थंड होताना तडे जाऊन तसे खांब होतात. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला आमच्या नणंदेनं नेलं होतं, तोच बेसॉल्ट. तिथं मात्र लाटा वर येऊन आपटतात. गंमत म्हणजे 2025 च्या जुलैपासून त्यांनी प्रांतांची मोडतोड केली. 63 चे 34 केले. त्यात तुय होआ गेलं डाक लाकमध्ये, म्हणजे वरच्या कॉफीच्या डोंगरी मुलखाला एका रात्रीत समुद्र मिळाला. आपल्याकडं तालुका वेगळा करायचा तर बोर्ड फुटतात.

क्वी न्यॉन मात्र मला चांगलं निवांत बघायचंय. भर गावात, घरांच्या मधेच, चामांचे दोन जोडमनोरे उभे आहेत. त्यांची विजय नावाची राजधानी त्याच मुलखात होती, 1471 मध्ये पडली. आणि गावाबाहेर डोंगर ओलांडला की क्वी होआ. कुष्ठरोग्यांची वसाहत, 1929 ची, अगदी समुद्रावर. हान माक तु नावाचा त्यांचा मोठा कवी तिथंच गेला, 1940 मध्ये, अठ्ठावीस वर्षांचा. त्याची समाधी बघायला शाळेतली पोरं येतात. आनंदवनाला आपण गेलो होतो ना, तेव्हापासून मला असल्या वस्त्यांबद्दल ओढ आहे. जागा निवडणाऱ्यांनी माणसं लांब टाकली खरी, पण टाकली ती किनाऱ्यावरच्या सगळ्यांत सुंदर जागी.

आणि त्या टोपलीच्या होड्या! बांबूच्या विणलेल्या, गोल. आपल्याकडं पुरात काहिलीतनं माणसं न्यायचे, तशाच. होई आनला आम्हाला बसवलं होतं त्यात. नारळीच्या झाडोऱ्यात नेतात, मोठ्यानं हिंदी गाणी लावतात, आणि नावाडी ती टोपली गरागरा फिरवतो. चकलीवाल्या बाई उलटी करायच्या बाकी होत्या. तीच टोपली न्योन हायला, क्वी न्यॉनच्या बाजूच्या कोळीवाड्यात, पहाटे मासे घेऊन किनाऱ्याला येते. न फिरता, न गाणं लावता. ते बघायचंय मला. तिथली माणसं समुद्रावर पहाटेच येतात, उजाडायच्या आत पोहून, व्यायाम करून घरी. ऊन चढलं की किनाऱ्यावर कुत्रं नसतं. आपल्या कोकणात सूर्य बुडताना बघायला गर्दी, तिथं उगवताना. मला तर पहाटे चारला जाग येतेच, निदान कुठंतरी उपयोग होईल.

खाण्याचं? तोच प्रश्न तुम्ही विचारणार हे माहीत होतं. माशाचं पाणी घालतात सगळ्यात, नुओक माम. भाजीतसुद्धा. पण "चाय" म्हणायचं. चहा नव्हे हो, शाकाहारी म्हणजे चाय. बौद्ध लोक त्यांच्या महिन्यातल्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला मांसमच्छी खात नाहीत, त्या दिवशी गल्लोगल्ली शाकाहारी जेवण मिळतं. म्हणून ह्यांनी सगळा बेत पौर्णिमेभोवती बसवलाय. बाकीच्या दिवसांना मेतकूट आहे, इलेक्ट्रिक कुकर आहे. फान रांगचे हिंदू चाम गायीचं मांस खात नाहीत, ते एक बरं.

कधी? तेच तर भांडण झालं घरात. सून म्हणाली दिवाळीच्या सुट्टीत जा, म्हणजे आम्हालाही येता येईल. अगं पण ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे त्या मधल्या किनाऱ्यावर वादळं आणि पूर. आपली सुट्टी आणि त्यांचा पावसाळा एकच. टूरवाले नेतात तरी, मग छत्र्या वाटतात. खरं तर मलाही तेव्हाच जायचं होतं, कारण चाम लोकांचा काते नावाचा उत्सव साधारण त्याच सुमाराला येतो. देवाची वस्त्रं डोंगरातल्या रागलाय लोकांकडं ठेवलेली असतात, ते आदल्या दिवशी ती घेऊन खाली येतात, आणि मग देवाला स्नान घालून ती नेसवतात. पण पावसात गाडी अडकली तर ह्यांचा रक्तदाब कोण सांभाळणार? आणि जानेवारी-फेब्रुवारीत त्यांचं नवीन वर्ष, टेट. सगळा देश गावाला जातो, गाड्यांना तिकीट नाही, दुकानं बंद. म्हणून होळी झाली की निघायचं. हवा कोरडी, समुद्र शांत.

व्हिसा घरबसल्या मिळतो. 25 डॉलर, नव्वद दिवसांपर्यंतचा. पैशाचं मात्र डोकं फिरतं. रुपयाला तीनशेच्या आसपास त्यांचे डोंग. साधी कॉफी घेतली तरी बिल पाच आकडी. पहिल्या खेपेला हे कॉफीचं बिल बघून खुर्चीवरनं उठलेच होते.

आता खरं सांगू का, मी ह्या कुंपणाशी मघापासून का उभी आहे ते? हे त्या थाप चामला उतरले की स्टेशनातनं हलायचे नाहीत. तो जुना दालातचा फाटा कुठनं निघायचा, कुठला रूळ शिल्लक आहे, हेच शोधत बसतील. मग मी एकटी बाउ त्रुकला कशी जाऊ? बाउ त्रुक म्हणजे कुंभारांचं गाव. कुंभारणींचं म्हणू. सगळं काम बायकांचं, आणि चाक नाही! मातीचा गोळा मधे ठेवतात आणि बाईच त्याच्याभोवती फिरत फिरत मडकं घडवते. भट्टीही नाही, उघड्यावर पेंढा-लाकडं रचून भाजतात. 2022 मध्ये युनेस्कोनं ते तातडीनं जपायला हवं अशा यादीत घातलंय. म्हणजे शिकणाऱ्या पोरी कमी झाल्या असणार, दुसरं काय!

आणि ऐका, हे तर तुम्हाला सांगायचंच राहिलं. चामांमध्ये घर आईकडनं लेकीकडं जातं. लग्न झालं की मुलगा मुलीच्या घरी राहायला येतो. मागणीसुद्धा मुलीकडचे घालतात. आता ह्यातल्या एखाद्या सासूशी मला बोलायचंय. तिचा जावई तिच्या डोळ्यांसमोर पलंगावर लोळत असेल तर ती काय करते? तुमच्यासारखं कुणी बरोबर असलं तर खुणा करून तरी विचारू. एकटीनं विचारायला मला लाज वाटते.

होय, तुम्हीच. आणि भाऊजीही. त्यांना म्हणावं, धरण बांधणाऱ्या राजाची पिंड बघायला चला. नाही म्हणायचे नाहीत. दोन खोल्या, चार माणसं, टॅक्सीचा खर्च निम्मा. तुमच्या तुळशीला आणि आमच्या सासूबाईंना माझी धाकटी जाऊ बघेल, तिच्याशी बोलून झालंय. सूनबाईंना काय सांगायचं ते मी सांगते, तुम्ही मधे बोलू नका फक्त.

पासपोर्ट आहे ना? मागं लेकीकडं जायला काढला होता, तोच. पण तारीख बघा, सहा महिने पुढची लागते. बघता का आत्ता? कपाटात खालच्या कप्प्यात, साड्यांच्या खाली असेल बघा. जा, घेऊन या. भाजीवाला आला तर मी मेथी घेऊन ठेवते तुमच्यासाठी.